बॉस्टन ते बॉल्टिमोर: जुन्या अमेरिकी नोटांच्या मागावर

सोमवार, बॉस्टन

मॅसेच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या वाचनालयात शिरण्याआधी बॅग, जॅकेट, पाण्याची बाटली आणि पेन लॉकरमध्ये ठेवावं लागतं. आत न्यायची ती फक्त पेन्सिल, कागद आणि लॅपटॉप. मामांनी खिशाचं पेन काढून दिलं, पण चेहरा बघण्यासारखा झाला होता. पुण्यातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेतून ते हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांना स्वतःचं पेन दोरीने बांधून वापरायला दिलं, आज त्यांचंच पेन जमा झालं.

मी बरीच वर्षं अमेरिकेच्या सुरुवातीच्या कागदी नोटा जमवतो. जमवतो म्हणजे परवडतील तेवढ्या विकत घेतो आणि उरलेल्या अशा वाचनालयांत जाऊन बघतो. या खेपेला मामा न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे आले होते. मूर्ती, धबधबे, कॅसिनो या सगळ्याला नाही म्हणून त्यांनी माझ्या या दौऱ्याला हो म्हटलं. "नोटा मोजण्यात जन्म गेला, निदान मोजायच्या नाहीत अशा नोटा तरी बघू."

सुरुवात बॉस्टनपासूनच करायला हवी, कारण पाश्चात्त्य जगात सरकारने काढलेले पहिले कागदी पैसे इथले मानले जातात. १६९० साली सर विल्यम फिप्स याच्या नेतृत्वाखाली मॅसेच्युसेट्स या इंग्रज वसाहतीचं सैन्य फ्रेंचांच्या ताब्यातल्या क्वेबेकवर चालून गेलं. शहर लुटायचं आणि त्या लुटीतून शिपायांचे पगार भागवायचे, असा हिशेब होता. क्वेबेक पडलं नाही. शिपाई हात हलवत परत आले आणि पगार मागू लागले. तिजोरीत चांदी नव्हती. म्हणून डिसेंबर १६९० मध्ये ७,००० पौंडांच्या नोटा काढायचं ठरलं, आणि थोड्याच महिन्यांत ती मर्यादा ४०,००० पौंडांवर गेली. नोटेवर साधारण असं लिहिलेलं आहे: ही चिठ्ठी जवळ बाळगणाऱ्याला मॅसेच्युसेट्स वसाहत इतकं देणं लागते, ही पैशाइतकीच धरावी आणि खजिनदाराने सगळ्या भरण्यात स्वीकारावी. नंतर, १६९२ मध्ये, कर भरताना हीच नोट दिली तर पाच टक्के जास्त धरायचं ठरलं. मामांना ही युक्ती फार आवडली. "सरकार स्वतः घेतंय म्हटल्यावर वाणी कशाला नाही म्हणेल?"

१६९० च्या नोटेचं आम्ही डिजिटल चित्रच पाहिलं. तिची वरची कड नागमोडी कापलेली असते. नोटा वहीसारख्या बांधणीत असत. कापताना मुद्दाम वेडंवाकडं कापायचं आणि वहीत राहिलेला तुकडा जपून ठेवायचा. नोट परत आली की ती त्या तुकड्याला लावून बघायची. कड जुळली तर खरी. मामा म्हणाले, हे काउंटरफॉइलच झालं. अर्थात लबाडांनी कड सोडून आकड्यालाच हात घातला. नोट खरी, कडही खरी, फक्त शिलिंगांचा आकडा वाढवलेला. आज उरलेल्या १६९० च्या नोटांमध्येही असे वाढवलेले आकडे सापडतात. तारीखही गोंधळात टाकते. काही नोटांवर ३ फेब्रुवारी १६९० असं आहे, पण तेव्हा इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळे आपल्या हिशेबाने तो १६९१ चा फेब्रुवारी.

मग फोल्डरमधून १७७५ ची नोट आली. पॉल रिव्हिअर या चांदीकाम करणाऱ्या कारागिराने कोरलेली. मागच्या बाजूला एक माणूस उभा आहे, एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात मॅग्ना कार्टाचा, म्हणजे प्रजेचे हक्क सांगणाऱ्या जुन्या इंग्रजी सनदेचा, कागद. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि त्याच माणसाच्या हातातल्या कागदावर 'स्वातंत्र्य' हा शब्द आला. सव्वा वर्षापूर्वी राजाकडून इंग्रज म्हणून आपले हक्क मागणारे लोक आता राजाच नको म्हणू लागले होते, आणि हा बदल एका इंचभर चित्रात दिसतो. रिव्हिअरने १७६७ साली हार्वर्ड कॉलेजच्या इमारतींचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं. १७७५ मध्ये युद्धामुळे तांबं मिळेना, तेव्हा त्याने तो पत्रा कापला आणि मागच्या बाजूवर नोटा कोरल्या.

संध्याकाळी ग्रॅनरी दफनभूमीत रिव्हिअरची कबर पाहिली. सगळे पर्यटक त्याच्या घोडदौडीबद्दल, इंग्रज सैन्य येतंय हे सांगायला त्याने रात्री घोडा दामटला त्याबद्दल, बोलत होते. नोटांबद्दल बोलणारे आम्ही दोघंच.

मंगळवार, वुस्टर आणि न्यूपोर्ट

सकाळी वुस्टरला अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीत गेलो. आयझाया थॉमस या मुद्रकाने १८१२ साली ही संस्था काढली. १७७५ च्या एप्रिलमध्ये, इंग्रजांविरुद्धची लढाई पेटायच्या ऐन तोंडावर, त्याने आपलं छापखान्याचं यंत्र रातोरात बॉस्टनमधून हलवून इथे आणलं होतं. ते यंत्र अजून इथे आहे.

मला इथे हवी होती ती नोटांची पाठ. कॅटलॉगमध्ये पुढची बाजू छापतात, पण नोटेवर काय गुदरलं ते पाठीवर कळतं. एक नोट मधोमध फाटलेली, दोन तुकडे जाड दोऱ्याने शिवलेले. टाके इतके नीट, एकसारख्या अंतराने, की शिवणारा हात रोज शिवण करणारा असणार. दुसरीला टाचणी लावलेली होती, तिचा गंज कागदात उतरलाय. तिसरीच्या मागे वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली आहे. मामा शिवलेल्या नोटेसमोर बराच वेळ बसले. मग म्हणाले, "आम्ही गड्ड्यांना स्टेपल मारायचो. मग रिझर्व्ह बँकेने बंद केलं, म्हणे नोटेला भोक पडतं. इथे तर बाईने गोधडीच शिवलीय."

बाईनेच शिवली असेल असं कशावरून, असं मी विचारलं. मामांनी उत्तर दिलं नाही.

कनेक्टिकटच्या नोटा वेगळ्याच. न्यू लंडनच्या टिमथी ग्रीनने छापलेल्या या नोटांपैकी बहुतेकांवर सुरीने चीर दिलेली सापडते. पैसे परत देऊन नोट रद्द केली, याची ती खूण. संग्राहक चीर नसलेली नोट शोधतात आणि जास्त पैसे देतात. मला चीर असलेली आवडते. चीर म्हणजे कोणाला तरी खरंच पैसे मिळाले.

न्यूपोर्टला पोचायला दुपार टळली. श्रीमंतांचे जुने महाल बघायला लोक इथे येतात, आम्ही एका खाटकाची गोष्ट आठवायला आलो. १७८६ साली ऱ्होड आयलंड राज्याने (न्यूपोर्ट यातलंच) १,००,००० पौंडांच्या नोटा काढल्या आणि जमिनीच्या तारणावर कर्जाऊ दिल्या. कर्जबाजारी शेतकरी खूश, सावकार बेजार. नोटेची किंमत घसरू लागली तसा सरकारने कायदा केला, की नोट नाकारणाऱ्याला १०० पौंड दंड, आणि खटला पंचांशिवाय, म्हणजे ज्युरीशिवाय, चालणार. जॉन ट्रेव्हेट नावाच्या गिऱ्हाइकाने जॉन वीडन या खाटकाला मटणाचे पैसे नोटेत देऊ केले. वीडन नाही म्हणाला. प्रकरण कोर्टात गेलं, न्यायाधीशांनी आम्हाला यात लक्ष घालता येत नाही असं सांगून खाटकाला सोडलं. मग विधिमंडळाने न्यायाधीशांनाच जाब विचारला, आणि पुढच्या वर्षी पाचांतल्या चौघांना परत नेमलं नाही. पुढे १७८७ च्या संविधान परिषदेला ऱ्होड आयलंडने माणसंही पाठवली नाहीत, आणि तेरा राज्यांत ते सगळ्यांत शेवटी, १७९० साली, संघराज्यात आलं.

या १७८६ च्या नोटा आजही बाजारात भरपूर आहेत आणि बऱ्याचशा कोऱ्या करकरीत. "फिरल्याच नाहीत तर मळणार कशा," मामा म्हणाले. कॅशियरला हे न शिकवता कळतं.

बुधवार, न्यूयॉर्क, जाता जाता

घरी परतायचं होतं, म्हणून न्यूयॉर्कमधून गेलो. ट्रॅफिकबद्दल लिहीत नाही. वॉल स्ट्रीट आणि वॉटर स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे मर्चंट्स कॉफी हाउस होतं. आता त्याचा मागमूस नाही.

१७७७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्क इंग्रजांच्या ताब्यात होतं. तेव्हा इथल्या एका वर्तमानपत्रात उघड जाहिरात आली. दुसऱ्या वसाहतींत जाणाऱ्यांना काँग्रेसच्या, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या मध्यवर्ती सभेच्या, नकली नोटा हव्या तेवढ्या मिळतील, दर फक्त कागदाच्या रिमचा. इतक्या हुबेहूब, की खपवताना धोका नाही. चौकशी कॉफी हाउसात, रात्री अकरा ते पहाटे चार, 'क्यू. ई. डी.' यांच्याकडे. ही चोरटी टोळी नव्हती, शत्रूचं अर्थकारण मोडायचा युद्धाचा भाग होता. त्याआधी न्यूयॉर्कच्या बंदरात उभ्या असलेल्या 'फिनिक्स' या इंग्रजी युद्धनौकेवरही नोटा छापल्या जात.

"आमच्याकडे नकली नोट सापडली की शिक्का मारायचा, रजिस्टरात नोंद करायची, पाच किंवा जास्त सापडल्या तर पोलिसात एफआयआर," मामा फूटपाथवर उभं राहून हिशेब सांगत होते. "आणि इथे पेपरात जाहिरात!" शेजारून सुटाबुटातली माणसं सॅलडचे डबे घेऊन जात होती.

काँग्रेसने यावर जो उपाय काढला, तो माझ्या फार आवडीचा. खऱ्याच ठोकळ्यांवरून निळ्या कागदावर नोटा छापून, सह्या न करता, त्या ठिकठिकाणी वाटल्या. हातातली नोट निळ्या नमुन्याला ताडून बघा. या निळ्या नोटा आज फार कमी उरल्या आहेत आणि माझ्या ऐपतीबाहेर आहेत.

गुरुवार, होपवेल आणि बर्लिंग्टन

न्यू जर्सीतला दिवस, म्हणजे घरचाच. होपवेलच्या जुन्या बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात जॉन हार्टचा दगडी स्तंभ आहे. हार्ट शेतकरी माणूस. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे, आणि २५ मार्च १७७६ च्या न्यू जर्सीच्या नोटांवरही. जाहीरनाम्यावर सही एकदाच करायची होती. नोटांवर मात्र हजारो वेळा, कारण तेव्हा नोटेवरची सही आणि क्रमांक छापत नसत, प्रत्येक नोटेवर हाताने शाईने लिहीत. त्याच्या सोबत सही करणाऱ्यांत जॉन स्टीव्हन्स धाकटा होता, तोच पुढे वाफेच्या बोटींमुळे गाजला आणि होबोकेन गाव त्याने वसवलं.

जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याची अस्सल सही परवडेल अशा किमतीत मिळण्याची ही एक मोठी सोय आहे. त्यामुळे हार्टच्या नोटांना मागणी आहे आणि विक्रेतेही ते जाणतात. माझ्याकडे एक आहे, बारा शिलिंगांची, कोपरे गोल झालेली. सही मात्र ठसठशीत. त्याच वर्षी इंग्रज फौजा न्यू जर्सीत घुसल्या, हार्टच्या शेताची नासधूस झाली, त्याला लपून राहावं लागलं. १७७८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनचं सैन्य त्याच्याच शेतात मुक्कामाला होतं. पुढच्या मे महिन्यात तो वारला. तोवर नोटांची किंमत झपाट्याने ढासळत चालली होती.

या नोटा छापल्या आयझॅक कॉलिन्सने, बर्लिंग्टन गावात. डेलावेअर नदीकाठचं हे गाव आता झोपाळू आहे, पण नोटांच्या इतिहासात त्याला मान आहे. १७२८ साली सॅम्युएल कीमर या मुद्रकाबरोबर बेंजामिन फ्रँकलिन न्यू जर्सीच्या नोटा छापायला इथे आला होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा. त्याने तांब्याच्या पत्र्यावरून छापायचं यंत्र स्वतः रचलं, वसाहतींमधलं त्या प्रकारचं पहिलं, आणि तीन महिने इथे राहिला. कामावर देखरेख करायला विधिमंडळातली बडी माणसं येत. त्यांच्याशी ओळखी झाल्या आणि पुढे त्या त्याच्या कामी आल्या.

नदीकाठच्या बाकावर बसून घरून आणलेले मेथीचे ठेपले खाल्ले. मामांनी विचारलं, या सगळ्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? मी म्हटलं, काँग्रेसच्या पहिल्या नोटांवर १० मे १७७५ ही तारीख आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली होती. मामा थोडा वेळ ठेपला चावत राहिले. "म्हणजे इकडे इंग्रजांना हाकलायला पैसे छापत होते, आणि तिकडे आम्ही त्यांना बोलावून आणत होतो." आपल्याकडे पेशव्यांनी कागदी नोटा काढल्या नाहीत. हुंड्या चालत, पण त्या सावकारांच्या, पेढीच्या पतीवर. सरकारच्या शब्दावर चालणारा कागद हा प्रकार वेगळा, आणि धोक्याचाही.

शुक्रवार, फिलाडेल्फिया

या दौऱ्यातला मुख्य दिवस. सकाळीच लायब्ररी कंपनीत गेलो. फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांनी १७३१ मध्ये वर्गणी काढून सुरू केलेलं हे वाचनालय अजून चालू आहे.

१७२९ साली फ्रँकलिनने कागदी चलनाच्या बाजूने एक पुस्तिका लिहिली. व्यापार वाढायला पैसा पुरेसा खेळता हवा, जमिनीच्या तारणावर काढलेल्या नोटा सुरक्षित असतात, असा त्याचा मुद्दा. विधिमंडळाला पटलं. आणि मग नोटा छापायचं काम कोणाला मिळालं? फ्रँकलिनलाच. आत्मचरित्रात तो हे लपवत नाही, काम चांगलं फायद्याचं होतं असं मोकळेपणाने लिहितो. मामा हसून हसून बेजार. "टेंडर न काढता!"

पण माणसाने त्या फायद्याचं सोनं केलं. तांब्यावर कितीही बारीक नक्षी कोरली तरी दुसरा कारागीर ती कोरू शकतो. माणसाचा हात जे करतो ते दुसऱ्या माणसाचा हात करतो. म्हणून फ्रँकलिनने झाडाचं पान घेतलं. ओल्या कापडावर पान ठेवून ते प्लॅस्टरमध्ये दाबायचं, त्या साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, की पानाच्या शिरांचा ठोकळा तयार. पानाची मधली शीर जाड, मग बारीक, मग केसासारखी, आणि प्रत्येक शिरेचा उंचवटा वेगळा. असं कोरायला कोणाच्या हाताला जमणार? १७३० च्या दशकाच्या अखेरीला न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या नोटांच्या पाठीवर ही पानं आली. फ्रँकलिनने ही कृती गुप्त ठेवली. पानं कशी छापली जात, हे पुढे कैक वर्षं अभ्यासकांनाही कोडंच होतं.

पेनसिल्व्हेनियाची एक नोट मामांच्या समोर आली. प्लॅस्टिकच्या पाकिटात, हात लावायला मनाई नाही पण पाकिटाबाहेर काढायची नाही. मामांनी ती प्रकाशासमोर धरली नाही, कारण त्यांना तसं करू दिलं नसतं. त्यांनी ती तिरकी धरली. कागदात अभ्रकाचे कण चमकले. नोटेवर छापलंय: नकली नोट केल्यास मृत्युदंड. पाठीवर पान. "पान जास्त घाबरवणारं आहे," मामा म्हणाले. मला वाटतं त्यांचं बरोबर होतं. फाशीच्या धमकीला न जुमानणारे लबाड कितीतरी निघाले, शिरांपुढे मात्र बहुतेकांनी हात टेकले असणार.

१७४८ मध्ये फ्रँकलिन धंद्यातून बाजूला झाला. छापखाना त्याचा भागीदार डेव्हिड हॉलकडे, आणि १७६६ नंतर हॉल अँड सेलर्स या नावाने चालला. १७७५ मध्ये काँग्रेसने नोटा काढायचं ठरवलं तेव्हा काम याच छापखान्याकडे गेलं. जून १७७५ मध्ये २० लाख डॉलर मंजूर झाले. नोटेवर लिहिलेलं असे, की ही चिठ्ठी आणणाऱ्याला इतके स्पॅनिश डॉलर किंवा त्यांच्या किमतीचं सोनं-चांदी मिळेल. वसाहतीत खरा पैसा म्हणजे स्पॅनिश चांदीचाच, म्हणून हिशेब त्यात.

या नोटांची चित्रं मला कोणत्याही आधुनिक नोटेपेक्षा आवडतात. राजाचं तोंड नाही, कोणाचंच तोंड नाही. सहा डॉलरच्या नोटेवर बीव्हर नावाचा प्राणी मोठं झाड कुरतडतोय, वर लॅटिनमध्ये चिकाटीची गोष्ट. पाच डॉलरवर काटेरी झुडूप आणि रक्ताळलेला हात. तीन डॉलरवर गरुड आणि बगळ्याची झुंज, निकाल अनिश्चित. आठ डॉलरवर वीणेसारखं वाद्य, लहान-मोठ्या तारा एका सुरात. सात डॉलरवर वादळ, पुढे उघडीप होईल असं आश्वासन. यातली बरीच चित्रं फ्रँकलिनने जोआखिम कामेरारियस या सोळाव्या शतकातल्या जर्मन विद्वानाच्या बोधचित्रांवरून घेतली. ज्यांना उद्या फाशी होऊ शकते अशा माणसांनी आपल्या पैशावर 'निकाल अनिश्चित' असं छापावं, ही प्रामाणिकपणाची हद्द आहे. १७७६ च्या फेब्रुवारीत निघालेल्या डॉलरच्या भागांच्या छोट्या नोटांवर सूर्यघड्याळ आहे, खाली 'आपलं काम बघा', आणि मागे तेरा कड्यांची साखळी.

दुपारी क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत गेलो. फ्रँकलिनच्या कबरीवर लोक नाणी टाकतात. याच आवारात फ्रान्सिस हॉपकिन्सनही आहे. नंतरच्या नोटांवरची काही चित्रं त्याची. ५० डॉलरवरचा तेरा पायऱ्यांचा अर्धवट पिरॅमिड, जो आजच्या एक डॉलरच्या पाठीमागच्या पिरॅमिडचा पूर्वज मानता येईल, तो त्याचाच. हॉपकिन्सनने १७८० मध्ये काँग्रेसकडे नोटांची, झेंड्याची आणि इतर आकृत्यांची बिदागी मागितली. काय मागितलं? सरकारी साठ्यातल्या वाइनचं एक पाव पिंप. काँग्रेसने ते दिलं नाही. मग त्याने रोकड मागितली, तीही मिळाली नाही. नोटा काढणारं सरकारच नोटांच्या चित्रकाराला पैसे देत नाही, हे ऐकून मामांनी कबरीवर एक क्वार्टर ठेवला. फ्रँकलिनला काही दिलं नाही. "त्याला खूप मिळालेत."

मग काय बिघडलं, असं मामांनी हॉटेलवर जाताना विचारलं. लबाडांनी बुडवल्या का नोटा? नकली नोटांमुळे काँग्रेसला २० मे १७७७ आणि ११ एप्रिल १७७८ या तारखांच्या मालिका परत बोलवाव्या लागल्या, हे खरं. पण मुख्य घाव घरचाच होता. काँग्रेसला कर बसवायचा अधिकार नव्हता. नोटा काढायच्या काँग्रेसने, आणि त्या परत घ्यायला कर गोळा करायचा राज्यांनी. राज्यांनी कर लावायचं टाळलं, वर जवळपास तेवढ्याच किमतीच्या स्वतःच्या नोटा काढल्या. पाच वर्षांत काँग्रेसच्या नोटांचा आकडा सुमारे २४ कोटी १५ लाख डॉलरवर गेला. मार्च १७८० मध्ये काँग्रेसनेच मान्य केलं, की आता ४० कागदी डॉलरला एक चांदीचा. आणि १७९० मध्ये नव्या सरकारने उरलेल्या नोटा शंभराला एक या दराने घेतल्या, तेही रोख नाही, रोख्यांत.

पान, अभ्रक, हाताची सही, निळा नमुना, फाशी. सगळं बाहेरच्या लबाडासाठी. छापखाना थांबवायला मात्र कोणी काही शोधून काढलं नव्हतं. मामांनी एवढंच विचारलं, "लढाई तर जिंकले ना?" जिंकले. त्या नोटांनीच शिपायांना जेवू घातलं होतं, पहिली दोन-तीन वर्षं तरी. बुडाले ते नोटा धरून बसलेले. म्हणजे न सांगता वसूल केलेला कर म्हणायचा तो.

शनिवार, आयव्ही मिल्स आणि बॉल्टिमोर

सकाळी लवकर निघून काँकर्ड टाउनशिपमध्ये आयव्ही मिल्सचे अवशेष पाहिले. दगडी भिंती, भोवती झाडी, शेजारून ओढा. १७२९ मध्ये थॉमस विलकॉक्सने इथे कागदाची गिरणी काढली, आणि फ्रँकलिनपासून काँग्रेसपर्यंत नोटांचा कागद इथून गेला. जुनी सुती आणि जवसाच्या धाग्यांची कापडं कुजवून, कुटून केलेला जाड कागद, त्यात अभ्रक आणि निळे धागे मिसळलेले. आपल्या नोटेचा कागदही कापसाचाच, असं मामांनी मला बजावलं. बाकी इथे बघण्यासारखं फार नाही. मामांनी ओढ्याचे फोटो काढून पुण्याच्या ग्रुपवर टाकले.

दुपारी बॉल्टिमोरचं नाण्यांचं प्रदर्शन. कन्व्हेन्शन सेंटरच्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगाच रांगा, वर दिवे, काचेखाली नाणी आणि नोटा. इथे मामा खुलले. बहुतेक नोटा आता ग्रेडिंग कंपन्यांच्या कडक प्लॅस्टिकमध्ये येतात, वर गुणांचा आकडा. कागद हाताला लागत नाही. मला हे पटत नाही, पण विकताना सोपं जातं हे कबूल. एरिक न्यूमन (१९११ ते २०१७) या सेंट लुइसच्या अभ्यासकाने केलेली यादी सगळे वापरतात, त्यामुळे तारीख आणि रक्कम सांगितली की विक्रेता काय हवं ते ओळखतो.

साध्या, फिरलेल्या नोटा आजही साधारण चांगल्या बुटांच्या जोडाच्या भावात मिळतात. मामांनी मात्र एका म्हाताऱ्या विक्रेत्याच्या टेबलावर बोट ठेवलं: ३० डॉलर, २२ जुलै १७७६, वर थडग्यावर ठेवलेली माळ. चिठ्ठीवर लिहिलं होतं, समकालीन नकली, म्हणजे त्याच काळात केलेली.

विक्रेत्याने पाकिटातून नोट काढून दोघांच्या हाती दिली. खरी नोट खिळ्यांच्या टाइपात, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापलेली, अक्षर कागदात रुतलेलं असतं, पाठीवर बोट फिरवलं की कळतं. ही तांब्यावर कोरून छापलेली, पाठ सपाट, आणि रेषा जरा जास्तच नीटस. मामांनी डोळे मिटून अंगठा फिरवला. "बरोबर. माझ्या काउंटरवर पकडली असती."

किंमत १४५ डॉलर. मामांचा विश्वास बसेना. "अरे, नकली नोट विकत घ्यायची? आणि नोटेवर लिहिलेत त्याच्या जवळपास पाचपट पैसे देऊन?" मी त्यांचं बोलणं विक्रेत्याला भाषांतर करून सांगितलं. तो हसला, आणि १३० ला तयार झाला. मी पैसे दिले. मामांनी पावती मागितली, आणि पावतीवर 'नकली' हा शब्द व नोटेचा क्रमांक स्पष्ट लिहायला लावला. मग स्वतःच्या खिशातली छोटी डायरी काढून, आपल्या पेनने, तारीख, क्रमांक, रक्कम आणि कोठे सापडली हे रकाने आखून लिहून घेतलं.

"आता हिच्या जोडीची खरी बघ," ते म्हणाले. "ताडायला काही नसेल तर एकटी नकली नोट घरात ठेवून उपयोग काय?" हॉल बंद व्हायला तास-दीड तास होता. आम्ही पुढच्या रांगेपासून सुरुवात केली.